कुलवृत्तांतात शेताचे नाव कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वेल्समधील 'अर अस्गुर्न' या शेतघरावरचा सचित्र लेख वाचला. पहिल्या महायुद्धात ३१ जुलै १९१७ रोजी मारला गेलेला मेंढपाळ कवी हेद विन, सप्टेंबरात बर्कनहेडच्या वेल्श साहित्य संमेलनात विजेता कवी म्हणून त्याचे टोपणनाव पुकारले गेले तेव्हा काळ्या कापडाने झाकलेली ती मानाची खुर्ची, भाच्याने शेवटपर्यंत उघडे ठेवलेले ते घर, हा सगळा भाग उत्तम उतरला आहे. पण 'शंभर वर्षांत इथे काहीच बदलले नाही' हे वाक्य लेखात तीनदा येते आणि तिन्ही वेळा चुकीचे आहे. बदलले नाही ते फक्त स्वयंपाकघर, आणि तेही आपोआप टिकलेले नाही. २०१२ साली राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने ही वाडी विकत घेतली, भिंतीवरच्या जुन्या कागदांचे थर तपासून त्याच नक्षीचा नवा कागद लावला, आणि २०१७ मध्ये घर पुन्हा खुले केले. न बदललेले दिसण्यासाठीही पाच वर्षे खर्ची पडली.

घराकडे पाठ करून अंगणात उभे राहिले की वेगळेच चित्र दिसते. १८३० च्या सुमाराचे घर, भोवती १६८ एकरांची डोंगरी शेती. कवीचा जन्म १८८७ चा. त्याच्या जन्माच्या पाच वर्षे आधी, १८८२ मध्ये, याच प्रिसोर खोऱ्यातून बाला ते फेस्टिनिओग रेल्वे सुरू झाली होती. म्हणजे लेखात ज्याला 'आदिम शांतता' म्हटले आहे, तिच्यातून कवीच्या लहानपणापासून आगगाडी धावत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्राउसव्हनिद गावाजवळच्या माळावर लष्कराचा तोफांच्या सरावाचा तळ बसला, तो पन्नासच्या दशकापर्यंत राहिला. १९१७ च्या मार्चमध्ये देशात धान्याची चणचण होती, म्हणून नांगरणीसाठी सैनिकांना रजा देण्यात आली. हेद विनला सात आठवडे मिळाले. (त्यातला बराच वेळ कवितेत गेला, नांगराच्या वाट्याला किती आला ते विचारू नये.) त्या काळात ब्रिटनभर वर्षानुवर्षांची कुरणे नांगराखाली आली आणि युद्ध संपल्यावर त्यांतली पुष्कळशी पुन्हा गवताला गेली. डोंगरउतारावर गवताखाली आज जे नांगराचे जुने वरंबे दिसतात, ते सगळेच काही मध्ययुगातले नसतात.

पुढचा बदल पाण्याचा. १९२४ ते १९२८ या चार वर्षांत चार धरणे बांधून गावाच्या पश्चिमेची सखल, पाणथळ जमीन भरून टाकण्यात आली, माएन्ट्रोगच्या जलविद्युत केंद्रासाठी. बुडालेले क्षेत्र सुमारे ११८० एकर. त्यात दोन डझनांच्या आसपास घरे आणि वाड्या गेल्या. आपल्या लेखातील दुसऱ्या छायाचित्रात जे 'रम्य डोंगरी सरोवर' दिसते ते हेच, हेद विनने ते कधीही पाहिलेले नाही. १९३५ मध्ये दक्षिणेच्या जंगलाला राजाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त कॉइड अ ब्रेनिन, म्हणजे राजाचे रान, असे नाव मिळाले. त्यातली पुष्कळशी झाडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आणलेल्या सूचिपर्णी जातींची. १९५९ मध्ये तलावाच्या काठी अणुवीज केंद्राचे काम निघाले, १९६५ मध्ये वीज सुरू झाली, १९९१ मध्ये बंद पडली आणि केंद्र उतरवण्याचे काम अजून चालूच आहे. समुद्रापासून दूर, तलावाच्या पाण्यावर थंड होणारे ब्रिटनमधले ते एकमेव केंद्र. रेल्वेचे काय झाले? लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी शेजारच्या ट्रवेरिन खोऱ्यात धरण व्हायचे होते, रुळांचा एक तुकडा त्या पाण्याखाली जाणार होता. १९६० मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, १९६१ मध्ये मालगाड्याही. त्याच धरणात १९६५ साली कापेल केलिन हे गाव शाळा, प्रार्थनाघर आणि टपाल कचेरीसकट बुडाले.

आणि एक बदल असा, की जो कोणत्याही छायाचित्रात येणार नाही. मे १९८६ च्या सुरुवातीच्या पावसात चेर्नोबिलच्या अणुअपघातातले किरणोत्सारी सीझियम उत्तर वेल्सच्या डोंगरांवर उतरले. अणुवीज केंद्र उशाशी, आणि किरणोत्सार आला दोन हजार किलोमीटरांवरून! मेंढीच्या मांसात किलोमागे १००० बेकेरेलपेक्षा (बेकेरेल हे किरणोत्साराचे माप) जास्त आढळले तर ती विकायची नाही, असा नियम झाला. निर्बंध काही आठवड्यांचे म्हणून लावले, उठले २०१२ मध्ये. अगदी शेवटपर्यंत उत्तर वेल्समधील तीनशेहून अधिक शेते त्यात अडकलेली होती. अंदाज का चुकला, हे समजून घेण्यासारखे आहे. चिकणमातीच्या जमिनीत सीझियम मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसते आणि मुळांना मिळत नाही. हिशेब त्या मातीवरून केला होता. डोंगरावर मात्र माती नव्हे, तर अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा आम्लधर्मी थर असतो, ज्याला ते लोक माउन म्हणतात आणि वाळवून चुलीत जाळतही असत. त्यात चिकणमाती नाहीच. मग सीझियम गवतात, गवतातून मेंढीत, लेंडीतून परत जमिनीत, असे वर्षानुवर्षे फिरत राहिले. मेंढ्या काही आठवडे सखल कुरणात ठेवल्या की त्यांच्या अंगातले प्रमाण उतरे, म्हणून तपासून, रंगाची खूण करून त्या खाली उतरवण्याची रीत पडली.

एवढे सगळे एका वाडीच्या आसपास, एका शतकात. हे सांगण्याचे कारण केवळ लेखाची दुरुस्ती नाही. इंदूर-देवास-महू पट्ट्यातल्या मराठी घरांत छापील कुलवृत्तांत असतो. दहा-बारा पिढ्यांची नावे, कोण दत्तक गेले, कोणाचे लग्न कोणत्या घराण्यात झाले, सगळे असते. होळकरशाहीत कोणाला कुठे इनाम मिळाले, हेही असते. पण त्या इनामाच्या गावात कोणते शेत कोणत्या नावाचे होते, विहीर किती हात खोल होती, ओढा कुठून वाहत होता, चरनोई, म्हणजे गावचे चराऊ रान, कुठवर होती, याबद्दल एक ओळ सापडत नाही. माणसांचा इतिहास लिहिताना पायाखालची जमीन आपण गाळून टाकली. वेल्समध्ये ही दोन्ही कामे जोडीने होतात. ती कशी होतात हे आपल्या लेखात यायला हवे होते, ते इथे लिहितो.

पहिला कागद म्हणजे नाव. वेल्श भाषेत शेताला चक्क 'काय' म्हणतात. (cae असे लिहिलेले दिसले म्हणून ते 'सी' वाचू नये, असे खुद्द तिथे जाऊन आलेल्यांनाही सांगावे लागते, तेव्हा देवनागरीतच लिहावे हे बरे.) 'काय'च्या पुढे जो शब्द येतो तो शेताची हकिगत सांगतो. ओडिन असेल तर तिथे भट्टी होती, बहुधा चुन्याची किंवा धान्य सुकवण्याची. फनॉन असेल तर झरा. ग्वेर्न असेल तर ओलीत वाढणारे आल्डरचे झाड, म्हणजे आज जमीन कोरडी दिसत असली तरी कधीतरी चर काढून पाणी उतरवले आहे. मोठे आणि धाकटे यांना व्हाउर आणि व्हाख, वरचे आणि खालचे यांना इखाव्ह आणि इसाव्ह. आपल्याकडचे बुजुर्ग आणि खुर्द आठवावे, एक मूळ वस्ती फुटून दोन झाल्याची ती खूण. वाडीच्या नावात हेन्द्रे असेल तर ती हिवाळ्याची, मूळ घराची जागा. हाव्हॉड असेल तर उन्हाळ्यात गुरे घेऊन वर जाऊन राहायची. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी वर, नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी खाली, हा पूर्वापार नेम. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही ये-जा मोडत गेली आणि वरच्या झोपड्या एकतर पडल्या किंवा बारमाही वाड्या झाल्या. त्यामुळे आज जिथे माणसे बारा महिने राहतात अशा कित्येक घरांच्या नावात 'उन्हाळी मुक्काम' लपलेला आहे.

नाव शोधताना हमखास होणारी चूक अशी. मराठीत शब्दाचे शेपूट बदलते, गावचे गावात होते. वेल्शमध्ये शब्दाचे तोंड बदलते. मेलिन म्हणजे पाणचक्की, ती मागच्या शब्दामुळे व्हेलिन होते. कॉइड म्हणजे रान, त्याचे गॉइड. पॉन्ट म्हणजे पूल, त्याचे बॉन्ट. सूचीत एकाच अक्षराखाली पाहिले तर निम्मी नावे सुटतात. दुसरे, तिथे जोन्स, विल्यम्स, इव्हान्स इतके उदंड की माणूस ओळखला जातो तो वाडीच्या नावाने. होळ गावचे म्हणून होळकर, हे ज्याला समजते त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. वाडीचे नाव पुसले की केवळ पाटी जात नाही, तिथल्या माणसांच्या नोंदी शोधण्याची किल्लीच हरवते. म्हणून २०१६ च्या कायद्याने वेल्समध्ये ऐतिहासिक स्थळनावांची सरकारी सूची करणे बंधनकारक झाले आणि २०१७ मध्ये ती खुली झाली. एक मात्र आहे, सूचीत नाव असले म्हणून नवा मालक ते बदलू शकत नाही असे नाही. नाव ठेवताना सार्वजनिक संस्थांनी ती पाहायची, एवढाच तिचा जोर. तरी आपल्यापेक्षा बरे.

दुसरा कागद म्हणजे दशमांशाचा नकाशा. धर्मसंस्थेला उत्पन्नाचा दहावा हिस्सा धान्यात, लोकरीत, कोकरांत द्यावा लागे. १८३६ च्या कायद्याने तो रोख रकमेत बदलला, आणि गहू, जव, ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावाला बांधला. त्यासाठी जवळजवळ प्रत्येक पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीचा, नकाशा निघाला आणि सोबत तक्ता: मालक कोण, कसतो कोण, शेताचा क्रमांक, शेताचे नाव, पीक की कुरण, क्षेत्र, रक्कम. वेल्सचे हे नकाशे अॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने इंटरनेटवर सर्वांना मोफत ठेवले आहेत. इंदुरात बसूनही पाहता येतात.

क्षेत्र तीन रकान्यांत असते: एकर, रूड, पर्च. चार रूडांचा एकर, चाळीस पर्चांचा एक रूड. १२–२–३० असे लिहिले असेल तर ते १२.२३ एकर नव्हे. दोन रूड म्हणजे अर्धा एकर, तीस पर्च म्हणजे १६० पैकी ३०, तेव्हा एकूण १२.६९ एकर, सुमारे ५.१३ हेक्टर. आपल्याकडे व्यवहारात चार बिघ्यांचा हेक्टर धरतात त्या हिशेबाने साडेवीस बिघे. नकाशाच्या अचूकतेवर मात्र आंधळा विश्वास नको. खर्च जमीनमालकांच्या डोक्यावर होता, म्हणून कित्येक ठिकाणी जुना जहागिरीचा नकाशाच उतरवून दिलेला आहे. आयुक्तांची मोहोर असलेले, पहिल्या दर्जाचे नकाशे वेल्समध्ये थोडेच. शिवाय वरचा सामायिक डोंगर पुष्कळदा कोरा सोडलेला असतो. कोरा म्हणजे ओसाड नव्हे. तिथेच तर मेंढ्या चरत.

त्यानंतर १८७०–८० च्या दशकांतले पंचवीस इंचाला एक मैल या मापाचे सरकारी सर्वेक्षण, ज्यात बांधावरचे एकेक झाडही दाखवलेले असते. मग १९१० च्या सुमाराचे करासाठीचे मूल्यांकन, आणि १९४१–४३ ची शेतीपाहणी, जिच्यात पाच एकर आणि त्यावरच्या प्रत्येक शेताची नोंद आहे. सरकारी माणसाने शेतकऱ्यालाही अ, ब, क असा दर्जा देऊन टाकला आहे. कित्येकांचे आजोबा त्यात 'क' निघतात. जनगणनेची पत्रके १८४१ पासून नावानिशी मिळतात, १८९१ पासून वेल्समध्ये भाषेचाही रकाना आहे. हे सगळे एकमेकांवर ठेवले की तीस-चाळीस वर्षांच्या टप्प्यांनी बांध कुठे मोडले, कोणती दोन शेते एक झाली, ते उघड होते.

कागद संपले की जमीन. डोंगरी वाडीचे तीन पट्टे असतात. खाली घराजवळची कुरणे आणि शेते, मध्ये फ्रीद म्हणजे कुंपणाने घेतलेला उतार, आणि वर दगडी भिंतीपलीकडे मोकळा डोंगर. डोंगरावर कुंपण नसूनही मेंढ्या इकडेतिकडे जात नाहीत, कारण कोकरू आईमागे फिरून आपला टापू शिकते. त्या टापूला कनेव्हिन म्हणतात. म्हणून शेत विकताना कळपही पुष्कळदा शेतासोबतच जातो. हा कळप एकदा मोडला, जसा २००१ च्या लाळ्या-खुरकुताच्या साथीत काही ठिकाणी मोडला, की विकत आणलेल्या नव्या मेंढ्या त्या डोंगरावर नुसत्या सोडून चालत नाहीत. कित्येक महिने राखण करून त्यांना टापू शिकवावा लागतो.

आता भिंत. चुना-माती न वापरता रचलेल्या या भिंतीत आतबाहेर दोन पदर असतात, खाली रुंद आणि वर निमुळते. पायात सर्वांत मोठे दगड, लांबी आतल्या बाजूला. दोन पदरांच्या मध्ये हाताने नीट बसवलेली खडी, साधारण गुडघ्याच्या वर दोन्ही पदर जोडणारे आरपार दगड, आणि माथ्यावर उभे दगड. मीटरभर भिंतीला दीड-दोन टन दगड लागतो. भिंत पडते ती बहुधा वरून नव्हे, पोटातून. आतली भर फावड्याने मातीसकट लोटली असेल तर पाऊस माती धुऊन नेतो, पोकळी होते, भिंतीला पोट सुटते आणि एका हिवाळ्यात ती बसते. दुसरा दोष उभ्या सांध्याचा: विटांप्रमाणेच दगडाचा सांधाही खालच्या दगडाच्या मध्यावर यायला हवा, सांध्यावर सांधा आला की तिथेच भेग. इतिहासासाठी पाहायचे ते भिंतींचे जोड. जिथे एक भिंत दुसरीला नुसती येऊन टेकते, तिथे टेकणारी नंतरची. जिथे दोन्हींचे दगड एकमेकांत गुंतले आहेत, तिथे दोन्ही एकाच वेळच्या. एवढ्या एका नियमावर अख्ख्या वाडीच्या शेतांचा क्रम लावता येतो.

घराच्या वयाबद्दल एकच सांगतो. ओक लाकडाच्या वार्षिक वलयांवरून झाड कोणत्या वर्षी तोडले ते ठरते, आणि ओक ओलाच वापरत असल्याने घर त्यानंतर एक-दोन वर्षांतच उभे राहिलेले असते. सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात हलवलेले हेन्द्रेर-अविद इखाव्ह हे घर असेच १५०८ चे ठरले. सालीलगतचा शेवटचा भाग शिल्लक नसेल, तर बाहेरच्या कोवळ्या लाकडाची ११ ते ४१ वलये धरून अंदाज द्यावा लागतो. तुळईवर विनाकारण रिकाम्या खाचा दिसल्या, तर लाकूड आधीच्या घरातून काढून लावलेले आहे. वाड्यांच्या सागवानी तुळया विकत घेऊन नव्या घरात बसवणाऱ्या आपल्या शहराला हे नवीन नाही.

माती हा राहिलेला दुवा, आणि त्यात एक इंदुरी धागा आहे. वेल्सच्या डोंगरावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो, तो मातीतला चुना धुऊन नेतो, माती आंबट होते. म्हणून गाड्या भरभरून भाजलेला चुना आणून टाकावा लागे. चुन्याच्या गाड्यांवर पथकर वाढला तेव्हा १८३९ ते १८४३ मध्ये शेतकऱ्यांनी बायकांचे कपडे घालून रात्री नाके फोडले, त्याला रिबेकाचे दंगे म्हणतात. आपल्या काळ्या मातीत उलट चुनखडीचे खडे आयतेच. तिला हवे ते कुजलेले खत. वेल्सच्या सीमेलगत बिशप्स कॅसल इथल्या शेतकरी घरात १८७३ साली जन्मलेले अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदुरात होते. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवरच्या संस्थेत त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली, ती जगात 'इंदूर पद्धत' म्हणून चालते. त्या जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे. इंदूरच्या स्वच्छतेच्या कौतुकात हे नाव फारसे निघत नाही.

आता आपल्याकडचे काम. महाराष्ट्रातले नातेवाईक सातबारा, तलाठी म्हणतात, त्याने गोंधळू नये. इथे पटवारी, खसरा (शेताची नोंद), बी-१ (खातेदाराचा उतारा) आणि नक्शा. आजचा खसरा क्रमांक राज्याच्या भूलेख संकेतस्थळावर मिळतो. तिथून मागे जायचे. बंदोबस्तात, म्हणजे सरकारी जमीनमोजणी आणि साराआकारणीत, क्रमांक बदललेले असतात, म्हणून आधी जुन्या-नव्या क्रमांकांची रीनंबरिंग सूची मागावी, नाहीतर भलत्याच शेताचा इतिहास हाती येतो. मग कलेक्टर कचेरीच्या नकल शाखेतून मिसल बंदोबस्त (त्या मोजणीचे मूळ दप्तर), जुना नक्शा, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या चार नकला. शेवटचे दोन कागद कोणी मागत नाही आणि तेच सर्वांत बोलके. १९५९ च्या भू-राजस्व संहितेत कलम २३४ निस्तार पत्रकाचे, २४२ वाजिब-उल-अर्जचे. गुरे कुठे चरणार, सरपण कुठून, मसणवट कुठे, खळे कुठे, कोणत्या शेतातून कोणाला वहिवाट, पाण्यावर कोणाचा हक्क, हे त्यांत असते. होळकरकालीन कागद मोडीत असला तर वाचणारा गाठावा. अंदाजाने वाचू नये, मोडीत अंदाज फार महागात पडतो.

नकाशे एकमेकांवर ठेवताना माप बघावे. जुने पटवारी नकाशे बहुधा सोळा इंचाला एक मैल, म्हणजे १:३९६०, नवे १:४०००. फरक शेकडा एक. पण पंचवीस सेंटिमीटर कागदावर तो जमिनीवरचे दहा मीटर होतो, म्हणजे अख्खी गाडीवाट. विहीर, देऊळ, तीन शिवा मिळतात तिथला दगड अशा न हललेल्या तीन जागा धरून नकाशा बसवावा. खसऱ्यात बटा नंबर (वाटणीचे पोटक्रमांक) आहेत पण नकाशावर तरमीम (तशी दुरुस्ती) झालेली नाही, असे सर्रास आढळते. तिथे कागदावर पाच भाऊ आणि नकाशात एकच शेत. अशा जागी वाटणीची रेघ आपल्या मनाने ओढू नये. वेल्समध्ये बापाची जमीन सर्व मुलांत वाटण्याची जुनी रीत १५४३ च्या कायद्याने संपली, आपली चालू आहे, त्यामुळे त्यांच्या नकाशाला न पडणारा हा पेच आहे.

शेतांची नावे मालकाला विचारून फारशी मिळत नाहीत, तो क्रमांक सांगतो. गुराख्याला, जुन्या हाळ्याला (सालगड्याला), आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारावे. मालवीत जसे म्हणतात तसेच लिहावे, बडलावाळो, इमलीवाळो, नाळावाळो. त्याचे शुद्ध मराठी किंवा हिंदी करू नये. पलासियात पळस, पिपल्याहान्यात पिंपळ आणि जांबुडीत जांभूळ अजून ऐकू येते ते कोणी शुद्धलेखन सुधारले नाही म्हणूनच. विहिरीची नोंद करताना व्यास, खोली, मे आणि ऑक्टोबरमधली पाण्याची पातळी, मोट कधी बंद झाली, मोटर किती अश्वशक्तीची आणि कधी आली, हे सगळे. माळव्याबद्दलची 'पग पग नीर' ही म्हण प्रत्येक भाषणात असते, पण किती हातांवर नीर, हे कोणाच्या वहीत नाही. पिकांचे वळणही लिहावे: काळ्या मातीत पावसाळ्यात जमीन पडीक ठेवून हिवाळ्यात गहू घ्यायची चाल होती, ती पडीक जागा सत्तर-ऐंशीच्या दशकांत सोयाबीनने व्यापली. त्याबरोबर ज्वारीचा कडबा घटला, कडब्याबरोबर बैल. १९८७ पासून सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदुरातच आहे, म्हणजे या बदलाचे कागद शोधायला लांब जायला नको.

१९६० ते १९७२ या काळात अमेरिकी हेर-उपग्रहांनी काढलेली छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली, त्यांत भारताचा मोठा भाग आहे. इंदुरातल्या विजयनगर, निपानिया, सुपर कॉरिडॉर इथे त्या काळी कोणते बांध होते, ते त्यांत पाहता येते. मात्र मार्च-एप्रिलची प्रत मिळाली तर घ्यावी. पावसाळ्यात ढग, आणि पीक उभे असताना बांध दिसत नाहीत.

महापालिकेत आलेल्या गावांत हे काम आधी करावे लागेल. तिथे रजिस्ट्रीत खसरा क्रमांक अजून लिहितात, पण शेताचे नाव सांगणारी माणसे सत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत. वसाहतीचे नाव एकदा 'ग्रीन' काहीतरी पडले की मागचे नाव विचारायलाही कोणी उरत नाही.

आपला,
एक वाचक
राजेंद्रनगर, इंदूर

ता. क. – लेखातील नकाशात तलाव घराच्या पूर्वेला दाखवला आहे, तो पश्चिमेला हवा. पूर्वेला प्रिसोरचे खोरे आणि रुळ उखडलेली ती रेल्वेवाट. कवीचे नावही एके ठिकाणी 'हेड्ड विन' असे छापले गेले आहे. वेल्शमधला जोड 'ड' मराठी 'द'च्या जवळ जातो, तेव्हा 'हेद' असेच छापावे.